आकाशातून आलेली वाणी

प्रस्तावना

आज बातमी, गाणे किंवा नाटक ऐकावेसे वाटले तर हात खिशातील मोबाइलकडे जातो. हवे ते, हवे तेव्हा आणि हवे तितक्या वेळा ऐकता येते. तुमच्या आजी-आजोबांच्या लहानपणी मात्र असे नव्हते. कार्यक्रमाची वेळ ठरलेली असे आणि ती चुकली की कार्यक्रमही चुके. साऱ्या घरात आवाजाचे साधन एकच असे; कित्येकदा तर साऱ्या गल्लीत एकच असे.

प्रस्तुत पाठात बंगळुरू शहरातील अशा काळाचे वर्णन आहे. हे शहर आज संगणक उद्योगासाठी ओळखले जाते. याच शहरातील मराठी घरांमध्ये एके काळी मातृभाषा टिकवण्याचे काम लाकडी पेटीतल्या रेडिओने कसे केले, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• रेडिओ, दूरदर्शन आणि टेपरेकॉर्डर या साधनांचा घरगुती जीवनावर झालेला परिणाम सांगता येईल;
• ‘आकाशवाणी’ या नावामागील इतिहास स्पष्ट करता येईल;
• परप्रांतातील कुटुंबात मातृभाषा कशी टिकते, याविषयी विचार मांडता येतील;
• जुन्या व नव्या काळाची तुलना दोन्ही बाजू लक्षात घेऊन करता येईल.

मूळ पाठ

१. गावासारखे शहर

बंगळुरूचा आणि मराठी माणसाचा संबंध जुना आहे. १६३८ साली विजापूरच्या सैन्याने हे ठाणे जिंकले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. १६८७ साली मुघल सैन्याने ते जिंकले आणि पुढे ते म्हैसूरच्या वडियार राजांना विकले. सत्ता गेली, पण काही मराठी घराणी तेथेच राहिली. पुढे विसाव्या शतकात नोकरीच्या निमित्ताने आणखी मराठी कुटुंबे आली. हिंदुस्थान एअरक्राफ्ट (१९४०), इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज (१९४८) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) या कारखान्यांमुळे देशाच्या सर्व भागांतील माणसे या शहरात एकत्र आली.

१९५१ च्या जनगणनेनुसार बंगळुरूची लोकसंख्या सुमारे पावणेआठ लाख होती. २०११ मध्ये ती ८४ लाखांच्या पुढे गेली. पन्नास-साठच्या दशकांत हे मोठे शहर असले तरी त्यातील वस्त्या लहान गावांसारख्या नांदत. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वस्त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या साथीच्या सुमारास वसवल्या गेल्या. कौलारू घरे, पुढे ओसरी, दारात नारळाचे झाड आणि रस्त्यावर क्वचितच एखादी मोटार, असे तेथील दृश्य असे. आर. के. नारायण यांना ‘मालगुडी’ हे काल्पनिक गाव १९३० साली बंगळुरूतच सुचले. गावपण आणि शहरपण यांची अशी सरमिसळ जेथे होती, तेथे ते सुचावे यात नवल नाही.

अशा वस्तीत कोणाकडे पाहुणा आला, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, हे न सांगता सर्वांना कळे. दूरची बातमी मात्र हळू चाले. पत्र यायला काही दिवस लागत. तारवाला दारात दिसला की तार उघडण्यापूर्वीच घरातल्यांच्या छातीत धस्स होई. देशभर वापरले जाणारे टेलिफोन याच शहरात तयार होत. परंतु शहरातल्या सामान्य घराला टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. जवळचे सारे जवळ आणि दूरचे फार दूर, असा तो काळ होता.

२. एका घरातून निघालेले नाव

हे अंतर तोडणारी वस्तू म्हणजे रेडिओ. भारतातील नियमित प्रसारण १९२७ साली मुंबईत एका खाजगी कंपनीने सुरू केले. १९३६ साली सरकारी प्रसारण सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. परंतु आज आपल्या ओठांवर असलेले ‘आकाशवाणी’ हे नाव दिल्लीत किंवा मुंबईत जन्मलेले नाही. ते म्हैसूरमधील एका घरातून निघाले.

डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी हे म्हैसूर येथे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. १९३५ साली त्यांनी आपल्या राहत्या घरी लहानसे प्रक्षेपण केंद्र उभारले. त्याची शक्ती अवघी ३० वॅट होती. म्हणजे घरात लावण्याच्या एखाद्या विजेच्या दिव्याएवढी. या केंद्राला ‘आकाशवाणी’ हे नाव देण्यात आले. पुराणकथांत संकटसमयी आकाशातून होणाऱ्या देववाणीसाठी वापरला जाणारा हा शब्द एका प्राध्यापकाच्या घरातून वाऱ्यावर निघालेल्या आवाजाला अगदी शोभून दिसला. पुढे म्हैसूर संस्थानाने हे केंद्र आपल्याकडे घेतले आणि १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये ते बंगळुरूला आले. त्याच दशकात ‘आकाशवाणी’ हे नाव साऱ्या देशाच्या प्रसारण सेवेने स्वीकारले. २०२३ साली तर ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे इंग्रजी नाव मागे ठेवून ‘आकाशवाणी’ हेच नाव वापरण्याचा निर्णय झाला.

मराठीत त्यापूर्वी ‘नभोवाणी’ हा शब्द रूढ होता. जुन्या पुस्तकांत तो आजही आढळतो.

३. ओसरीवरचा रेडिओ

मर्फी, बुश, फिलिप्स ही त्या काळातील घराघरांत परिचित असलेली नावे. रेडिओ म्हणजे लाकडी पेटी. पुढे कापडाचा पडदा, खाली दोन-चार गोल खुंट्या आणि काचेच्या पट्टीवर मुंबई, दिल्ली, लंडन, सिलोन अशी गावांची नावे. बटण दाबताच आवाज येत नसे. आतील व्हॉल्व्ह तापायला अर्धा-एक मिनिट लागे. तोवर काचेमागे पिवळसर प्रकाश पसरे आणि मुले श्वास रोखून बसत. छपरालगत तांब्याच्या जाळीची पट्टी बांधलेली असे. तीच एरियल. रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागे. टपाल कार्यालयात दरवर्षी पैसे भरून परवान्याच्या पुस्तिकेत तिकिटे चिकटवून घ्यावी लागत. हा परवाना १९८० च्या दशकात रद्द झाला.

पहाटे आकाशवाणीची संकेतधून वाजे. १९३० च्या दशकात वॉल्टर कॉफमन यांनी ती रचली. युरोपात ज्यूंचा छळ सुरू झाला तेव्हा आपला देश सोडून भारतात आलेले हे संगीतकार होते. ती धून ऐकून गवळी येण्याची वेळ कळे, अंघोळीचे पाणी तापवायला ठेवले जाई. १९७४ पासून संस्कृत बातम्या सुरू झाल्या. त्या लागल्या की मुले दप्तर आवरू लागत. घड्याळ नसलेल्या घरालाही रेडिओ घड्याळ होता.

ज्यांच्याकडे रेडिओ, त्यांची ओसरी सर्वांची. महत्त्वाच्या बातम्या असल्या किंवा कसोटी सामन्याचे वर्णन असले की शेजारी जमत. बंगळुरूत पहिला कसोटी सामना १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध झाला. ज्यांना तिकीट मिळाले नाही त्यांनी आपल्याच शहरातला सामना रेडिओवरून ऐकला. तोपर्यंत ट्रान्झिस्टर आले होते, आणि पानाच्या दुकानापुढे सायकली थांबवून धावसंख्या विचारणारे लोक जागोजागी दिसत.

१९५२ साली आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना बाहेरचा रस्ता दाखवला गेला. तेव्हा माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे होते. शास्त्रीय संगीत घरोघरी पोचावे, हा त्यांचा हेतू होता. श्रोत्यांनी रेडिओचा काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. त्याच वर्षी तेथे सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ने अमीन सयानी यांचा आवाज देशभर पोचवला. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये आकाशवाणीनेच ‘विविध भारती’ सुरू केली. लोकांना काय आवडावे हे ठरवणे सोपे नसते, हा धडा या घटनेतून मिळाला.

पाठगत प्रश्न १
(अ) ‘आकाशवाणी’ हे नाव प्रथम कोठे व कोणाच्या केंद्राला दिले गेले?
(आ) ‘घड्याळ नसलेल्या घरालाही रेडिओ घड्याळ होता’ या विधानाचा अर्थ सांगा.

४. रात्रीची मराठी

बंगळुरूच्या मराठी मुलाचा दिवस अनेक भाषांत विभागलेला असे. गल्लीत कन्नड, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी, बाजारात कन्नड आणि तमिळ, चित्रपटगृहात हिंदी. मराठी फक्त उंबरठ्याच्या आत. तीही रोजच्या व्यवहारापुरती – जेवायला ये, पाय धू, दिवा लाव. घरातल्या चार माणसांना जेवढे शब्द लागतात तेवढेच मुलाच्या कानावर पडत. भाषा अशीच हळूहळू आक्रसते. ती एका दिवसात जात नाही. एकेक शब्द न वापरला गेल्याने जाते.

येथे निसर्गच मराठी घरांच्या मदतीला येई. मुंबई बंगळुरूपासून सरळ रेषेत सुमारे साडेआठशे किलोमीटरवर आहे. मध्यम लहरींवरील मुंबईचे प्रसारण दिवसा तेथवर पोचत नाही. कारण वर जाणाऱ्या लहरी वातावरणातील खालच्या विद्युत्भारित थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरू लागतो. मग त्याच लहरी अधिक उंचावरील थरावर आदळून परततात आणि शेकडो किलोमीटर दूर जमिनीवर उतरतात. म्हणून दिवसभर मुका असलेला मुंबईचा काटा रात्री बोलू लागे.

जेवणे आटोपल्यावरचा तो वेळ डोळ्यांसमोर आणा. मुलगा खुंटी फिरवतो आहे. खरखर, शिट्टी, मध्येच एखादे तमिळ गाणे. “अरे, हळू. जरा मागे घे,” आजी सांगते. आणि एकाएकी खरखरीच्या आडून स्पष्ट मराठी वाक्य येते. ओट्यावर भांडी लावणारी आई हातातले काम थांबवते. नाट्यगीत असो, श्रुतिका असो की नुसता हवामानाचा अंदाज असो, ते मराठी असते. आवाज भरती-ओहोटीसारखा येतो आणि जातो. श्रुतिकेतले नेमके महत्त्वाचे वाक्य ओहोटीत बुडते आणि पात्र पुढे काय म्हणाले असेल यावर घरात चर्चा होते.

“आजी, ओशाळला म्हणजे काय?” मुलगा विचारतो.

“काल पेरू तोडताना अज्जींनी तुला पाहिलं, तेव्हा तुझं तोंड कसं झालं होतं? तसं.”

शेजारच्या कन्नड अज्जींच्या पेरूमुळे एक मराठी शब्द मुलाच्या कायमचा लक्षात राहतो. शब्दकोशातून कळलेला शब्द विसरता येतो. असा शब्द विसरता येत नाही. रेडिओने शब्द दिला, पण अर्थ दिला तो शेजारी बसलेल्या आजीने. ही गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी.

महाराष्ट्रात त्या वेळी श्रवणाची अशीच संस्कृती फुलत होती. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकर यांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात वर्षभर प्रसारित झाली. त्या वेळी लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत, असे सांगतात. या काव्याचा कन्नड अनुवादही झाला. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावजी, मीना वहिनी आणि पंत ही पात्रे श्रोत्यांना घरच्या माणसांसारखी वाटत. बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटचे धावते वर्णन मराठीतून करून खेळाच्या मैदानावरही आपली भाषा चालू शकते, हे दाखवून दिले.

५. चित्र आले, आवाज जतन झाला

१ नोव्हेंबर १९८१ रोजी बंगळुरूत दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुन्हा एकदा एका घरात साधन आणि दारात चपलांचा ढीग, असे दृश्य दिसू लागले. ‘मालगुडी डेज’ ही शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेली मालिका ऐंशीच्या दशकात देशाने पाहिली. तिचे चित्रण शिवमोग्गा जिल्ह्यातील आगुंबे येथे झाले होते. ज्या शहरात मालगुडी सुचले तेथील लोकांनी आपले हरवत चाललेले गावपण पडद्यावर पाहिले.

दूरदर्शनने रात्रीचा रेडिओ मागे सारला. चित्रासमोर बसल्यावर प्रश्न विचारायला उसंत नसते. ‘ओशाळला म्हणजे काय?’ असे विचारले तर “थांब, नंतर सांगते,” असे उत्तर येऊ लागले, आणि नंतर ते राहून जाऊ लागले.

याच सुमारास टेपरेकॉर्डर घरोघरी आला. सुट्टीत पुण्या-बेळगावकडून आणलेल्या कॅसेटींतून भावगीते आणि कथाकथन बंगळुरूला पोचले. काही घरांत आजीच्या ओव्या, आजोबांची स्तोत्रे आणि मुलाचे बोबडे बोलही मुद्रित केले गेले. अशा कॅसेटी अजूनही कपाटाच्या तळाशी सापडतात. परंतु फितीवरील चुंबकीय थर काळाबरोबर झडतो, बुरशी चढते आणि ती वाजवणारे यंत्रही मिळेनासे होते. आकाशातून आलेली वाणी आकाशात विरली. घरातली वाणी कपाटात विरते आहे.

६. काय गेले आणि काय राहिले

जुना काळ सर्वांसाठी सुखाचा होता, असे म्हणणे खरे ठरणार नाही. खुंटी बहुधा घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाच्या हाती असे. स्त्रिया स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत. ओसरीवर कोणी बसावे आणि कोणी अंगणात उभे राहावे, यातही जात आणि ऐपत दिसे. बंगळुरूच्या काही सार्वजनिक उद्यानांत रेडिओसाठी लहानशी वास्तू बांधलेली असे आणि संध्याकाळी कर्ण्यांतून बातम्या व संगीत ऐकवले जाई. ज्यांना कोणाच्या ओसरीची पायरी चढता येत नव्हती, त्यांच्यासाठी हे मोकळे आवारच आपले घर होते. आज परगावच्या आप्ताची खुशाली क्षणात कळते. १५ जुलै २०१३ रोजी देशातील तारसेवा बंद झाली, तेव्हा तार पाहून थरकापणाऱ्या छातीला सुटकाच मिळाली.

मग गेले ते काय? बंगळुरूतील मराठी मुलाला आज मुंबईची वाट पाहत रात्रीपर्यंत जागावे लागत नाही. दिवसाच्या कोणत्याही क्षणी हजारो मराठी गाणी, नाटके, पुस्तके त्याच्या तळहातावर आहेत. उणीव आहे ती शेजारी बसणाऱ्याची. प्रत्येकाच्या कानात वेगळा आवाज आहे आणि एकाने ऐकलेले दुसऱ्याला ठाऊक नाही. पूर्वी मराठी दुर्मीळ होती आणि सोबत मुबलक होती. आता मराठी मुबलक आहे आणि सोबत दुर्मीळ झाली आहे. परप्रांतातील घरात भाषा टिकायची असेल तर दोन्ही लागतात.

ही सोबत मात्र विकत आणावी लागत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास कानातली साधने काढून घरातल्यांनी एकच नाटक, एकच कथा एकत्र ऐकली आणि मधेच कोणी “म्हणजे काय?” असे विचारले, तर जुन्या ओसरीवर जे घडत होते ते आजच्या सदनिकेतही घडेल. त्या प्रश्नाचे उत्तर नंतरवर मात्र टाकू नये.

पाठगत प्रश्न २
(अ) मुंबईचे प्रसारण बंगळुरूत रात्रीच का ऐकू येत असे?
(आ) ‘रेडिओने शब्द दिला, पण अर्थ दिला तो आजीने’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

शब्दार्थ

ओसरी – घराच्या पुढील भागातील उघडी पडवी
प्रक्षेपण – ध्वनी किंवा चित्र लहरींद्वारे दूर पाठवणे
श्रुतिका – रेडिओवरून ऐकण्यासाठी लिहिलेले छोटे नाटक
आक्रसणे – आकुंचन पावणे, लहान होणे
ओशाळणे – चूक उघड झाल्याने लाज वाटणे
मुबलक – भरपूर

आपण काय शिकलात?

• ‘आकाशवाणी’ हे नाव १९३५ साली म्हैसूरमधील एका घरगुती केंद्राला प्रथम दिले गेले आणि पुढे ते राष्ट्रीय झाले.
• साधने कमी असल्याने लोक एकत्र ऐकत. त्यातून शेजार आणि भाषा दोन्ही जोपासले जात. मात्र त्या काळातही विषमता होती.
• भाषा टिकवण्यासाठी साधनाबरोबर संवादाचीही गरज असते.

स्वाध्याय

१. लेखकाने जुन्या काळातील कोणत्या उणिवा दाखवल्या आहेत? त्या दाखवल्यामुळे पाठातील विचाराला बळकटी कशी येते?
२. ‘पूर्वी मराठी दुर्मीळ होती आणि सोबत मुबलक होती’ या वाक्यातील विरोध उलगडून दाखवा.
३. पाठातून ‘वाणी’ हा शब्द असलेले दोन सामासिक शब्द शोधा व त्यांचा विग्रह करा.
४. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीला लहानपणी ऐकलेल्या एका कार्यक्रमाविषयी विचारा. त्यांच्या परवानगीने त्यांचे बोलणे मोबाइलवर मुद्रित करा. त्यांच्या बोलण्यातील तुम्हाला अपरिचित असलेल्या पाच शब्दांचे अर्थ त्यांच्याकडूनच समजून घ्या आणि ते मुद्रण घरातील सर्वांसोबत बसून ऐका.